मित्राचे रडार, आपला अग्निबाण

मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्ला झाला, तेव्हा रात्री आणि ढगांआडूनही जमीन पाहू शकेल असा उपग्रह आपल्याला तातडीने हवा होता. स्वदेशी रडार उपग्रह रिसॅट-१ तयार नव्हता; तो कक्षेत पोचायला २०१२ उजाडले. मदतीला आले इस्रायलचे रडार. पाच महिन्यांच्या आत, २० एप्रिल २००९ला, आपल्या पीएसएलव्ही अग्निबाणाने ते रडार बसवलेला रिसॅट-२ श्रीहरिकोट्याहून वर नेला. मैत्री फळली, कारण अग्निबाण घरचा होता.

आज पाच महिने फार झाले. सप्टेंबर २०२३मध्ये अमेरिकेच्या अंतराळ दलाने आदेश सुटल्यापासून २७ तासांत उपग्रह सोडून दाखवला. तो नेणाऱ्या फायरफ्लाय कंपनीने पुढच्या वर्षी स्वीडनच्या एसरेंज तळावरून उड्डाणे करण्यासाठी करार केला. स्वीडन त्याच वर्षी नाटोत आला. युद्धात एक तळ निकामी झाला तर दुसरा मित्राच्या भूमीवर तयार हवा, हे गणित उघड आहे.

आपली स्थिती काय? ऑपरेशन सिंदूरनंतरच्या शस्त्रसंधीला आठ दिवस झाले होते. १८ मे २०२५ला पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा बिघडला आणि ईओएस-०९ हा रडार उपग्रह गेला. त्याच्या जागी लगेच दुसरा पाठवण्याची सोय नव्हती. हा तोटा एकट्या सैन्याचा नाही. आभाळ भरून आलेले असताना वऱ्हाडातल्या सोयाबीन-कपाशीची अवकाशातून पाहणी करायची, तर रडारच लागते.

उपग्रह लगेच पाठवायचा, तर अग्निबाण आधीच तयार हवा. त्याची घन इंधनाची मोटर भरून, तपासून साठवता येते. झटपट उड्डाणासाठी बनवलेल्या इस्रोच्या एसएसएलव्ही या अग्निबाणाचे तिन्ही मुख्य टप्पे म्हणूनच घन इंधनाचे आहेत. अशा मोटरींचे काम वऱ्हाडापासून दूर नाही. स्कायरूट या खासगी अग्निबाण कंपनीच्या कलाम-५ या घन इंधन मोटरची चाचणी डिसेंबर २०२०मध्ये नागपुरात, सोलर इंडस्ट्रीजच्या केंद्रावर झाली. क्षेपणास्त्रांनाही अशाच मोटरी लागतात; पण अमरावतीतला भारत डायनॅमिक्सचा क्षेपणास्त्र प्रकल्प वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला. वऱ्हाडच्या खासदार-आमदारांनी संरक्षण मंत्रालयाकडून त्याच्या उत्पादनाची तारीख लेखी घ्यावी. अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि अकोल्याच्या तंत्रनिकेतनात घन इंधन, मोटरचे कवच आणि तिची क्ष-किरण तपासणी शिकवायला आताच सुरुवात व्हावी. प्रकल्प उभा राहिल्यावर माणसे बाहेरून आणण्याची वेळ येऊ नये.