नकाशा आधी स्वयंपाकघरातून पाहा

परवा माझ्या एका मैत्रिणीच्या इमारतीत पुनर्विकासाची सभा झाली. इमारत दादरची, जुनी. नकाशे मांडले गेले, चौरस फुटांवरून दोन तास वाद झाला. पण स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते, हे कुणी विचारलंच नाही. तीही गप्प बसली आणि घरी येऊन मला फोनवर हळहळत सांगत राहिली.

मैत्रिणींनो, ही खिडकी आपल्याला सहजासहजी मिळालेली नाही बरं का! १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि अंधाऱ्या, कोंदट वस्त्यांतून माणसं पटापट गेली. मग १८९८ मध्ये सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. उजेड आणि वारा मिळावा म्हणून या ट्रस्टने शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्याचं उपनगर आखलं. रुंद रस्ते, मोजून पाडलेले प्लॉट, मधे बागा. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातल्याच.

पण बायकांच्या दृष्टीने मोठा फरक पडला तो दाराच्या आत. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांना मिळून. इथल्या ब्लॉकमध्ये स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास एकाच दाराआड आलं. रात्री-अपरात्री पोरीबाळींना सोबत घेऊन बाहेर जाणं सुटलं. तरी सोवळ्याचा स्वयंपाक आणि संडास एका छपराखाली, हे तेव्हा पुष्कळांना रुचेना! म्हणून संडास अगदी मागच्या टोकाला काढायचे. काही इमारतींना सफाई कामगारांसाठी मागून वेगळा जिनाही असे. त्याला सोय कसली म्हणायची? शिवाशिवच ती.

घराबाहेरच्या मोकळ्या जागेचंही तसंच. जवळच नगरपालिकेने १९२५ मध्ये माहीम पार्क खुलं केलं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याचं शिवाजी पार्क झालं. तिथल्या कट्ट्यावर संध्याकाळी घटकाभर टेकायला ना तिकीट लागतं, ना कुणाला विचारावं लागतं.

तेव्हा तुमच्याकडे नकाशा आला, तर आधी स्वयंपाकघरावर बोट ठेवा. खिडकी उघड्यावर आहे की समोरच्या भिंतीवर? कपडे वाळत कुठे घालायचे? भांडी घासायला जागा? मुलं खेळणार कुठे, की खाली सगळं पार्किंगच? हॉल चार बोटं लहान झाला तरी चालेल, पण ओट्यापाशी दिवसा दिवा लावावा लागता कामा नये.

मैत्रिणीची पुढची सभा रविवारी आहे. मोजायची टेप तिने पर्समध्ये टाकूनही ठेवली आहे.