कौल थोरांचा, काळ पोरांचा

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातल्या मतदारांना एकच प्रश्न विचारला गेला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे? स्वतंत्र भारतात एखाद्या प्रदेशाच्या भवितव्याचा प्रश्न असा थेट लोकांपुढे फार क्वचित ठेवला गेला आहे. विलीनीकरणाला फूल आणि वेगळेपणाला दोन पाने अशी चिन्हे होती. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. तेवढ्या मतांनी एका प्रदेशाचा नकाशा ठरला, कारभार ठरला आणि वीस वर्षांनी आलेल्या भाषेच्या कायद्याचा पायाही घातला गेला.

त्या दिवशी मतदानाचे वय २१ होते. ते १८ वर आले ते ६१व्या घटनादुरुस्तीने, १९८९ साली. म्हणजे १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा जो मुलगा तेरा वर्षांचा होता आणि मुक्त गोव्यातल्या नव्या शाळांच्या पहिल्या विद्यार्थ्यांत जो बसला, त्याला या कौलात मत नव्हते. आज तो पंच्याहत्तरी ओलांडून गेला आहे. जवळजवळ साठ वर्षे तो त्या निर्णयाखाली जगला. त्याची मुले, नातवंडे जगत आहेत. ज्यांना सर्वांत जास्त काळ निकाल भोगायचा होता, त्यांना कुणी विचारले नाही.

तो निकाल बरोबर होता की चूक, याचा निवाडा करायला मी हे लिहीत नाही. लोकशाहीत निकाल लागला की तो मानायचा असतो. माझा आरोप निकालानंतरच्या वर्षांवर आहे आणि तो गोव्यापुरता नाही. पणजीपासून माळव्यातल्या पीपलरावांपर्यंत जिथे जिथे आपली घरे आहेत, त्या साऱ्या मराठी समाजावर आहे. आपण पुढच्या पिढीला निकाल वारशात देतो, त्यामागचा विचार देत नाही. जिंकल्याचा माज किंवा हरल्याची सल तेवढी देतो आणि कारणे गिळून टाकतो. मग तीच पिढी वेगळे बोलू लागली की तिला कृतघ्न म्हणतो.

गोव्यात विचाराची वाण नव्हती. विलीनीकरणाच्या बाजूने 'गोमंतक' लिहीत होता, विरोधात मडगावचा 'राष्ट्रमत' लढत होता आणि ही दोन्ही दैनिके मराठी होती. 'राष्ट्रमत'मधले 'ब्रह्मास्त्र' हे गाजलेले सदर लिहिणारे उदय भेंब्रे तेव्हा ऐन सत्ताविशीत होते. विलीनीकरणाच्या बाजूला दयानंद बांदोडकर, विरोधात डॉ. जॅक सिक्वेरा. गावोगाव सभा झाल्या, गाणी झाली, घराघरांत वाद झाले. विरोधकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वाचता येत होते, कारण दोघांची लेखणी एकाच भाषेत चालत होती.

आणि दोन्ही बाजूंना पोटातून आलेली कारणे होती. पेडणे-फोंड्याकडच्या कुळाला मराठी ही भजनाची, कीर्तनाची आणि पोराच्या पहिल्या पाटीची भाषा होती. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या दारात पिढ्यान् पिढ्या वाकलेल्या त्या माणसाला महाराष्ट्रात जाणे म्हणजे मान ताठ करणे वाटत होते. सासष्टीतल्या कॅथलिक शेतकऱ्याला आणि कोंकणीवर जीव टाकणाऱ्या हिंदू शिक्षकाला मात्र भीती होती, की एवढ्या मोठ्या राज्यात आपण एक कोपऱ्यातला जिल्हा होऊन बसू. माडाची सूर काढून पोट भरणाऱ्या रेंदेराला महाराष्ट्रातल्या दारूबंदीची धास्ती होती. हिंदू बहुसंख्य असलेल्या प्रदेशात हा निकाल हिंदू मतांवाचून लागूच शकत नव्हता. म्हणजे धर्मावर सरळ फाळणी झाली, हे सांगणेही सोयीचे खोटे आहे.

पुढे जे घडले ते तर प्रत्येक शाळेत शिकवावे असे आहे. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ आधीच पायउतार झाले होते. कौलात त्यांची बाजू हरली. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा निवडून दिले. ज्या वेगळ्या गोव्याला त्यांचा विरोध होता, त्याच गोव्याचा कारभार त्यांनी १९७३ साली मृत्यू येईपर्यंत केला. हरलेल्याने निकाल मानला आणि लोकांनी हरलेल्याला टाकून दिले नाही. लोकशाहीचा याहून मोठा धडा आपल्या इतिहासात शोधून सापडणार नाही. तो आपण किती मुलांना सांगितला?

सांगितला नाही, कारण आपल्याला वैर जपायचे होते. १९८५ ते १९८७ या काळात राजभाषेच्या आंदोलनात गोव्याचे रस्ते पेटले, माणसे मेली. ४ फेब्रुवारी १९८७ ला देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामकाजात वापराची मुभा मिळाली आणि ३० मेला गोवा राज्य झाले. भांडण तरीही मिटले नाही. मराठीचा कैवार घेणाऱ्या आणि कोंकणीचा कैवार घेणाऱ्या घरांतून दरम्यान काय घडत होते? मुले इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढत होती. २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला तेव्हा मराठीवाले आणि कोंकणीवाले पहिल्यांदा खांद्याला खांदा लावून उभे राहिले. त्यांचा राग खरा होता. पण दोघांची नातवंडे तोवर दोघांनाही सोडून गेली होती.

अशा एका घरात डोकावा. आजोबांनी फुलावर शिक्का मारला होता. नातू विचारतो, "आजोबा, तुम्ही असे का केलेत? आपण घरात तर कोंकणीच बोलतो." आजोबा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणतात, "तुला काय कळणार त्यातले? अभ्यास कर." त्या एका वाक्याने पन्नास-साठ वर्षांचा इतिहास त्या घरात मरतो. आजोबांच्या पोटात कुळाची जमीन आहे, भाटकाराने केलेला अपमान आहे, उमेदीने धरलेली पहिली मराठी पाटी आहे. नातवापर्यंत पोहोचतो तो फक्त तुसडेपणा. मग तो ठरवतो, की म्हाताऱ्यांची ही जुनी खोडच आहे. दोन पानांवर शिक्का मारलेल्या घरातही हेच घडते. तिथल्या नातीला एवढेच कळते, की 'ते' लोक आपला गोवा गिळायला निघाले होते.

विधानसभेच्या आवारात कुणाचा पुतळा असावा यावर थोर मंडळी वर्षानुवर्षे झुंजतात. तरुणाचे प्रश्न वेगळे आहेत. गावची जमीन कुणाच्या घशात चालली आहे, पगारातून घर कधी होणार, पोर्तुगालचे पारपत्र घेऊन निघून जावे की इथेच राहावे, हे त्याला छळते. १९६७ चा कौल मुळात याच प्रश्नांचा होता: ही भूमी कुणाची आणि तिच्यावर निर्णय कोण घेणार? तो धागा थोरांनी तरुणाच्या हाती दिला असता, तर ही पिढी त्या कौलाची खरी वारस झाली असती.

हा दोष आपलाच आहे असे नाही, पण म्हणून तो हलका होत नाही. २३ जून २०१६ ला ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्क्यांनी दिला. पंचविशीच्या आतल्या दर दहांतले सुमारे सात जण राहण्याच्या बाजूचे होते, पासष्टीपुढचे दहांतले सहा जण सोडण्याच्या. स्कॉटलंडने २०१४ च्या आपल्या कौलात सोळा वर्षांच्या मुलांना मत दिले होते, दोन वर्षांनी अख्ख्या ब्रिटनच्या कौलात ते नाकारले गेले. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक म्हणून भारतीय पारपत्रावर तिथे राहणाऱ्यांना मात्र मत होते. म्हणजे चार वर्षांपूर्वी पुण्याहून गेलेला मराठी अभियंता मत देऊ शकत होता आणि तिथेच जन्मलेली, तिथल्याच शाळेत शिकणारी त्याच्या शेजाऱ्याची सतरा वर्षांची मुलगी नाही. निकालानंतर कितीतरी घरांत पोरे आईबापांशी बोलेनाशी झाली. १९७५ साली त्याच देशाने ६७ टक्के मतांनी युरोपात राहायचे ठरवले होते. तेव्हा जे पंचविशीत होते ते २०१६ मध्ये पासष्टी ओलांडून गेले होते. मधल्या चाळीस वर्षांत ज्याच्या त्याच्या मनात जे साचत गेले, त्याची वाच्यता दोन पिढ्यांनी एकत्र बसून कधी केलीच नाही.

आता आपल्या माळव्याकडे वळतो. १९४८ साली देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे, धारचे राज्य मध्य भारतात विलीन झाले ते राजांच्या सह्यांनी. प्रजेला विचारले नाही. म्हणून गोव्याला मिळालेला अधिकार किती दुर्मीळ होता, हे आपल्याला अधिक कळायला हवे. पुढे छोटे छोटे कौल आपल्याही वाट्याला आले. मध्य प्रदेशात निवडलेल्या नगराध्यक्षाला परत बोलावण्यासाठी 'खाली कुर्सी, भरी कुर्सी'ची मतदाने झाली आहेत. महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करायला बाया 'आडवी बाटली'वर शिक्का मारतात. हे खरे लोकमत आहे. पण त्या दिवशी घरात काय होते ते आठवा. आदल्या रात्री जेवताना घरातला कर्ता पुरुष सांगतो, "उद्या सगळ्यांनी अमक्यावर." सून मान डोलावते. पहिल्यांदाच मत देणारा मुलगा काही बोलू लागला, की "दोन बुकं शिकलास म्हणून आम्हाला शिकवू नकोस" हे ठरलेले उत्तर येते. चार मते एका तोंडाची होतात आणि आपण त्याला घराचे संस्कार म्हणतो. हे संस्कार नव्हेत. दुसऱ्याचे मत हिसकावणे आहे, मग ते हिसकावणारा बाप असो की पुढारी.

कॉलेजांतही आपण हेच केले. महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या निवडणुका १९९०च्या दशकात बंद केल्या. मारामाऱ्या होतात हे कारण होते. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या पुन्हा आणायचे ठरले आणि अंमलबजावणी पुन्हा पुन्हा टळली. अठरा वर्षांचा मुलगा देशाचे सरकार निवडू शकतो आणि आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडू शकत नाही. पोहायला शिकेपर्यंत पाण्यात उतरू नकोस, असे सांगणारा बाप आणि आपण यांत फरक काय?

तरुणांनाही मी सोडत नाही. ब्रिटनमध्ये म्हातारे मोठ्या संख्येने मतदानाला गेले, तरुण त्या मानाने कमी गेले. निकालानंतर त्यांनी हंबरडा फोडला, तो खरा होता आणि उशिराचाही होता. आपल्याकडेही बोट चालते ते मोबाइलवर, मतदार यादीत नाव आहे की नाही हे पाहायला चालत नाही. आजोबांना 'तुमचा काळ गेला' म्हणणे हेही पळ काढणेच आहे. ज्याच्या निर्णयाखाली तू जगतोस त्याची कारणे समजून घेणे ही तुझी जबाबदारी आहे. ती समजून घेऊन मग खुशाल विरोध कर. न वाचता, न विचारता केलेला तिरस्कार म्हणजे बंड नव्हे, आळस आहे.

म्हणून माझे मागणे साधे आणि आजच करण्याजोगे आहे. कौलात भाग घेतलेली माणसे आज ऐंशीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. गोव्यातल्या प्रत्येक शाळेने त्यांना वर्गात बोलवावे. फूलवाले आणि दोन पानेवाले एका बाकावर बसवावे आणि मुलांनी त्यांना कारणे विचारावीत. दोन्ही बाजूंचे १९६७ चे अग्रलेख मुलांपुढे वाचले जावेत. कॉलेजांच्या निवडणुका सुरू व्हाव्यात आणि तिथे भांडणे झाली तर भांडण कसे करावे हे शिकवावे. घरात मतदानाच्या आदल्या रात्री कर्त्याने शेवटी बोलावे, घरातल्या सर्वांत लहान मतदाराने आधी. आणि पुढच्या पन्नास वर्षांवर परिणाम करणारा कुठलाही प्रश्न लोकांपुढे येईल, तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मत नसले तरी सभेत जागा असावी, बोलायला वेळ असावा.

थोरांना मी स्पष्ट सांगतो. तुमचा अनुभव मोठा आहे, त्याची किंमत आहे. पण तुमच्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षे तुमची नाहीत. त्या वर्षांचे निर्णय घ्यायचा अधिकार तुम्हाला कायद्याने आहे, कारणे सांगायचे ओझेही त्या अधिकाराबरोबरच येते. कारणे न सांगता दिलेला कौल म्हणजे नातवंडांच्या नावावर काढलेले कर्ज आहे. आणि नातवंडांनी हिशोब मागितला, तर तो बाकी न ठेवता द्या.