रक्ताची गाळणी

परवा परळ टी.टी.ला ओळखीतला एक मुलगा भेटला. वडील आयसीयूत, सेप्टिक शॉक. म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेला, बीपी औषधांवर टिकवलेलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, "रक्त गाळायचं का?" खर्च वेगळा, सही तासाभरात हवी. मला म्हणाला, "काका, नाही म्हटलं तर जन्मभर डोक्यात राहील हो."

कल्पना कुणालाही पटेल अशीच आहे. रक्त बाहेर काढायचं, गाळणीत विषारी द्रव्यं शोषून घ्यायची, परत सोडायचं. डायलिसिसचीच बहीण म्हणा ना! पण किडनी बंद पडली की डायलिसिस खरोखरच लागतं. या गाळणीचं तसं नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका-कॅनडातल्या ४५० रुग्णांवरच्या 'युफ्रेटिस' चाचणीत पॉलिमिक्सिनच्या गाळणीने २८ दिवसांतले मृत्यू कमी झाले नाहीत. २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ती वापरू नये असं सुचवलं. इतर गाळण्यांबद्दल पुरावा अपुरा म्हटलं.

मग हा निर्णय घाबरलेल्या मुलाच्या गळ्यात का? डॉक्टरांनी स्वतःचं मत स्पष्ट सांगावं, इतकंच माझं म्हणणं. 'नको' म्हणणं म्हणजे बापाला सोडून देणं नव्हे. अँटिबायोटिक, सलाइन, संसर्गाचं मूळ काढणं हे उपचार चालूच असतात, आणि खरा भरवसा त्यांच्यावरच.

आणि घरच्यांनो, तापात माणूस बरळायला लागला, धाप लागली, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट बघू नका. टॅक्सी करा.