खाल्लेले अंगी का लागत नाही?

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत एक वाक्य हमखास असते. 'डॉक्टर, जेवणखाण व्यवस्थित आहे, पण खाल्लेले अंगी लागत नाही. एखादे चांगले टॉनिक सुचवा.' पत्र कराडहून येवो, विट्याहून येवो की फलटणहून, वाक्य तेच. दवाखान्यात तर हे वाक्य रोज कानावर पडते. बहुधा आई मुलीबद्दल बोलत असते, नाहीतर सासू सुनेबद्दल. पूर्वी मी हसून सोडून देत असे. आता वाटते, या वाक्याचा पहिला भाग शास्त्राला धरून आहे. खाणे आणि अंगी लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चुकते ते पुढचे, टॉनिकचे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तासगाव भागात बेदाण्याच्या शेडवर निवडीचे काम करणारी एक बाई माझ्याकडे येत असे. वय तिशीच्या आतबाहेर, दोन बाळंतपणे झालेली. जिना चढताना धाप, पायात गोळे, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. हिमोग्लोबिन साडेसात. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. तीन महिन्यांनी पाहतो तो पावणेआठ. पुन्हा गोळ्या. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला माझा पारा चढला. "वैनी, गोळ्या घेता की उकिरड्यावर टाकता?" असे मी चार माणसांत विचारले. बाई गप्प. सोबत आलेली सासू म्हणाली, "न्हाई वो डॉक्टर, माज्या डोळ्यांम्होरं घेती. रोज दुपारी जेवान झालं की च्यासंगं घेती."

चहासंगे! वर्षभरात मी तिला गोळी कशाबरोबर घेतेस हे एकदाही विचारले नव्हते. शेडवर जेवणाची सुट्टी झाली की मालकाची चहाची किटली येते. डबा खाऊन चहा प्यायचा आणि त्याच घोटाबरोबर गोळी. गोळी रोज पोटात जात होती, अंगात जात नव्हती. दोष तिचा नव्हता, माझा होता.

पोटात जाणे आणि अंगात जाणे यांतला फरक समजून घ्यायचा तर घासाबरोबर थोडा प्रवास करावा लागेल. तोंडापासून गुदद्वारापर्यंतची नळी ही खरे म्हणजे शरीराच्या आतून गेलेली बाहेरची वाट आहे. घाटातून बोगदा जातो, पण बोगद्यातली मोटार काही डोंगराच्या पोटातल्या दगडात शिरत नाही, तसे. नळीच्या भिंतीतून पलीकडे रक्तात उतरेल तेवढेच अन्न आपले. बाकीचे आले तसे गेले.

पचनाची सुरुवात तोंडात होते. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा दोन मिनिटे चावत राहा, गोडसर लागू लागेल. लाळेतला पाचकरस पिठाची साखर करू लागला, त्याची ही चव. पण बसस्टँडवर गाडी लागली म्हणून चार घासांत वडापाव संपवणाऱ्याच्या वाट्याला ती येत नाही.

पुढे जठर. लोकांची समजूत अशी की सारे पचन इथेच होते. जठराचे खरे काम अन्न घुसळणे, त्यातले प्रथिन फोडायला घेणे आणि बरेचसे जंतू मारणे. हे कळले एका अपघातामुळे. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या कामगाराला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण पोटावरचे भोक बुजले नाही आणि जठर बाहेरून दिसू लागले. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि थोड्या थोड्या वेळाने ओढून पाहिले. १८३३ साली त्यांनी हे सारे पुस्तकरूपाने छापले. रोगी चिडला की पचन बिघडते, अशीही नोंद त्यांनी केली. दोऱ्याला मांस बांधून पोटात सोडणाऱ्या डॉक्टरवर रोगी चिडणार नाही तर काय करील! असो. जठरात जळजळीत आम्ल असते आणि त्याचे काम पडते, हे तेव्हापासून पक्के झाले. या आम्लाकडे मी पुन्हा येणार आहे.

खरा कारभार त्यापुढचा, लहान आतड्याचा. जठरातून घोटाघोटाने उतरणाऱ्या काल्यात स्वादुपिंडाचा रस आणि यकृतात तयार झालेले पित्त मिसळते. पित्त म्हटले की आपल्याकडे डोकेदुखी आणि आंबट ढेकर आठवतात, पण खरे पित्त तेलातुपाचे बारीक थेंब करते. स्निग्ध पदार्थ पचतात ते त्याच्यामुळे. पिठाची साखर, प्रथिनांची अमिनो आम्ले, तेलाची मेदाम्ले इतकी बारीक फोड झाल्याशिवाय काही भिंतीपलीकडे जात नाही. ही भिंत गुळगुळीत नसते. मखमलीवर लव असावी तसे तिच्यावर लाखो रसांकुर असतात आणि त्यांच्यावर आणखी बारीक लव. आमच्या कॉलेजच्या पुस्तकात होते की हे सारे पसरले तर टेनिसचे मैदान भरेल. २०१४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नीट मोजले तेव्हा सारे मिळून तीस चौरस मीटरच्या आसपास भरले. म्हणजे तीनशे-सव्वातीनशे चौरस फूट, एखादी बऱ्यापैकी मोठी खोली. या खोलीचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते. आपण पितो ते पाणी आणि आतच सुटणारे रस मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव इथून जातो आणि शेवटी शौचावाटे जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर बाहेर पडतो. पाण्याच्या पाळ्या लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांनाही हेवा वाटावा अशी ही काटकसर.

साखर, प्रथिने, तेल हे बहुतेक सगळे आत घेतले जाते. लोहाचे तसे नाही. लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे जवळजवळ नाही, म्हणून आत घेतानाच दारावर कडक पहारा असतो. ते दार लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या वीतभर भागात. भाजी-भाकरीतल्या लोहापैकी शेकडा पाच ते दहा भागच तिथून आत जातो. त्यात चहा आला की त्यातली तुरट द्रव्ये लोहाला धरून बसतात आणि न विरघळणारे जोडपे तयार होते, ते सरळ पुढे जाते. अमेरिकेतल्या १९८३ सालच्या एका अभ्यासात जेवणाबरोबर घेतलेल्या एका कप चहाने लोहाचे शोषण शेकडा ६४ ने घटले, कॉफीने ३९ ने. आणखी एक गोष्ट त्यात दिसली. कॉफी जेवणाच्या तासभर आधी घेतली तर काही बिघडले नाही, पण जेवणानंतर तासाने घेतली तरी तेवढाच तोटा झाला. आपल्याकडे हात धुवेपर्यंत चहाचे आधण ठेवलेले असते.

आता आम्लाकडे येतो. भाजीपाल्यातले लोह विरघळायला जठरातले आम्ल लागते. आणि हल्ली घरोघरी सकाळी उठल्याबरोबर काय घेतले जाते? 'गॅसची गोळी'. मेडिकलमधून पट्टी आणायची आणि वर्षानुवर्षे उपाशीपोटी एक घ्यायची. अल्सरच्या रोग्याला किंवा दुखण्यासाठी रोज वेदनाशामक घ्यावे लागणाऱ्याला हे औषध वरदान आहे, त्यांनी माझा लेख वाचून ते बंद करू नये. पण लग्नाच्या पंगतीत जेवण जास्त झाले म्हणून सुरू केलेली गोळी तीन वर्षे चालू ठेवणारे मी रोज पाहतो. एका हाताने आम्ल मारायचे आणि दुसऱ्या हाताने रक्तवाढीची बाटली आणायची, याला काय म्हणावे? दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्वही कमी पडू शकते.

आपल्या आजीला यातले शास्त्र ठाऊक नव्हते, पण तिचे ताट पाहा. ज्वारीच्या भाकरीत लोहाला अडवणारी द्रव्ये आहेतच. पण जोडीला बुक्कीने फोडलेला कांदा, लसूण घातलेला खरडा आणि लिंबाची फोड. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगशाळेतल्या कामात धान्य-कडधान्यांतले लोह आणि जस्त कांदा-लसणामुळे जास्त मोकळे होताना दिसले. लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व तर लोहाचा हात धरून त्याला आत नेते. मटकीला मोड आणले की अडवणारी द्रव्ये कमी होतात. लोखंडी कढईतल्या भाजीत थोडे लोह उतरते. रविवारी घरात मटण शिजते, त्यातले लोह भाजीपेक्षा कितीतरी सहज शोषले जाते. पण फोडी कोणाच्या ताटात जातात आणि शेवटी जेवायला बसणाऱ्या सुनेच्या वाट्याला किती रस्सा उरतो, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे.

सांगलीच्या हळदीचेही विचारले जाते. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, अभिमानाचीच गोष्ट आहे. पण हळदीतले मुख्य द्रव्य नुसते गिळले तर फारच थोडे रक्तात पोहोचते. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले की मिऱ्यातल्या द्रव्याची जोड दिली तर ते प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. मसाल्यात मिरी घालणारीला हे कोणी शिकवले नव्हते. मात्र हळद-दुधाने रक्त वाढते, या समजुतीला काही आधार नाही.

पाहणी काय सांगते? २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आढळले. गोळ्या नाहीत असे नाही. शाळेतल्या मुलींना आठवड्याची निळी गोळी मिळते, गरोदर बाईला लाल गोळी आशाताई घरी आणून देतात. माझी तक्रार आहे ती यापुढची. गोळी द्यायची घाई, घ्यायची कशी हे सांगायला सवड नाही. यात आम्ही डॉक्टर पहिले. माझे स्पष्ट मत आहे की लोहाच्या प्रत्येक पाकिटावर मोठ्या मराठी अक्षरांत 'चहाबरोबर घेऊ नका' असे छापले पाहिजे आणि खाली कपावर फुली मारलेले चित्र हवे, म्हणजे वाचता न येणाऱ्या मावशीलाही कळेल. गरोदरपणात लोह आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात. 'एकदाच काय त्या गोळ्या' म्हणून दोन्ही एका घोटात घेतल्या तर कॅल्शियम लोहाला अडवते. दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर हवे.

लोहाची गोळी जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्यावी, पण सोडू नये. शौचाला काळे होते, ते लोहामुळे, त्याला घाबरून गोळ्या टाकू नयेत. लवकर गुण यावा म्हणून दुप्पटही घेऊ नयेत. एक गोळी आत गेली की यकृतातून निघणारा पहारेकरी रस जवळजवळ दिवसभर दार आवळून धरतो. झुरिचच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की लोह कमी असलेल्या स्त्रियांत एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतले लोह अधिक प्रमाणात शोषले जाते. मात्र गरोदर बाईने आणि रक्त फारच कमी असणाऱ्याने डॉक्टर सांगतील तेच करावे.

आणि सगळे खापर चहावर फोडू नका. उसात, हळदीत अनवाणी राबणाऱ्यांच्या पायांतून अंकुशकृमी शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. मुलांसाठी फेब्रुवारी आणि ऑगस्टमधला जंतनाशक दिवस २०१५ पासून सुरू आहे, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. अंगावरून जास्त जाणे, मूळव्याध, गोळी चालू नसताना डांबरासारखे काळे शौचाला होणे, महिनोन्महिने पातळ होणे, वजन उतरणे यांपैकी काहीही असेल तर लिंबू-कांद्यावर वेळ न घालवता तपासून घ्या. पुरुषाचे किंवा उतारवयातल्या माणसाचे रक्त कमी झाले तर ते कुठून जाते हे आधी शोधलेच पाहिजे.

त्या बाईला मी चहा सोड म्हणालो नाही. दिवसभर बसून बेदाणा निवडणाऱ्या बाईची तेवढीच करमणूक. गोळी सकाळी भाकऱ्या थापायच्या आधी आणि दुपारचा चहा चारच्या सुमाराला, एवढेच ठरवले. जंताचे औषध दिले. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेदहावर आले. अजून पुरेसे नाही, गोळ्या चालू आहेत. मागच्या बाजाराच्या दिवशी सासू एकटीच आली होती, स्वतःचे रक्त तपासायला. शेडवरची किटली आता चारला येते का, असे मी विचारले. म्हणाली, "किटली येती तवाच येती वो. हिचा कप झाकून ठिवत्यात. गार झाला तरी पिती."