गांधार कोठें गेला?

कोथरुडांतील आमच्या घरीं पहांटे सासूबाईंचा तंबोरा लागला म्हणजे दिवस उजाडला, असें आम्ही चाळीस वर्षें मानीत आलों. यंदा ऐन उन्हाळ्यांत त्याच्या भोपळ्यास तडा गेला. दुरुस्तीसाठीं तो मिरजेस धाडला. परंतु संधिवातानें आंखडलेल्या बोटांना यापुढें खुंटी पिळवणार नाहीं, हें सासूबाईंनीं ओळखलें होतें. "आतां पुरे झालें गाणें," असें त्या शांतपणें म्हणाल्या. त्या दिवशीं घरांत कोणासच जेवण गोड लागलें नाहीं.

आमचा पुतण्या संगणकशास्त्र शिकतो. "आजी, मी तुला तंबोरा करून देतों," असें म्हणून तो कामास लागला. तंबोऱ्याचा नाद देणारें तयार यंत्र बाजारांत मिळतें, मग हा खटाटोप कशाला, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "त्याचा सूर आजीला पटला नाहीं, तर तें उघडून मला बदलतां येणार नाहीं."

त्यानें घेतलेल्या साधनाचें नांव 'सर्ज'. क्लास योहान्सन यांनीं रचलेल्या या संगणकी वाद्याची संपूर्ण आज्ञावली २०१८ सालीं सर्वांस खुली झाली. तेव्हांपासून अनेक स्वयंसेवक तींत भर घालीत आले आहेत. त्याचा एक भाग तारेसारखा नाद निर्माण करतो, दुसरा त्यांतील उंच स्वर गाळतो, तिसरा नाद केव्हां चढावा व केव्हां विरावा हें ठरवितो. 'व्हीसीव्ही रॅक' या दुसऱ्या खुल्या आज्ञावलींत हेच भाग सुटे मांडून मनाजोगे जोडतांही येतात. असें वाद्य दुसऱ्या संगीत-आज्ञावलींत बसवितात तेव्हां त्यास प्लगइन म्हणतात. त्याची एक रूढ रीत स्टाइनबर्ग कंपनीनें १९९६ सालीं प्रसिद्ध केली.

पहिल्या दिवशीं सासूबाईंनीं डोळे मिटून ऐकलें आणि विचारलें, "चारी तारा वाजताहेत, पण गांधार कोठें गेला?"

पुतण्या गोंधळला. तंबोऱ्याला गांधाराची तार नसतेच! परंतु खर्जाच्या तारेचीं आंदोलनें सेकंदास १२० असलीं, तर तिच्यांतूनच पांचपट, म्हणजे ६०० आंदोलनांचा गांधार आपोआप उमटतो. जवारी व तिच्यावरील सुताचा धागा अशा अंगभूत स्वरांचें पोषण करतात, याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालींच लक्ष वेधलें होतें. पुतण्याच्या गाळणींत नेमका तोच स्वर दबला होता.

मग त्यानें वेगळा गांधार मिसळला. "आला, पण चढा आहे, थरथरतो," सासूबाई म्हणाल्या. हिशेब केला तेव्हां त्यांचा कान खरा ठरला. संगणकाची नेहमींची पट्टी हार्मोनियमप्रमाणें सप्तकाचे बारा समान भाग करते. तिचा गांधार ६०४.८ वर येतो. ६०० व ६०४.८ एकत्र वाजले कीं सेकंदास जवळजवळ पांच हेलकावे ऐकूं येणारच.

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींचें गणित पुस्तकरूपानें मांडलें. त्या हिशेबाचे सूर वाजविण्यास निराळी हार्मोनियम घडवावी लागली. येथें स्वरांचीं प्रमाणें लिहिलेला छोटासा तक्ता पुरला. गांधारासाठीं ५/४ लिहितांच थरथर थांबली. पुतण्यानें गाळणीही सैल केली आणि आजीच्या दुरुस्तीसह सारी जुळणी इतरांसाठीं खुली ठेवली.

दुसऱ्या दिवशीं पहांटे सासूबाईंनीं भैरव आळविला. अवघीं दहा मिनिटें. "हा कांहीं माझा तंबोरा नव्हे," हें त्यांनीं बजावलेंच. पण गाणें थांबलें नाहीं.

वाचकहो, आपल्या घरांत संगणक जाणणारीं मुलें असतात आणि सूर जाणणारीं वडील माणसेंही. त्यांना एकदां शेजारीं बसवून पाहावें. चूक दाखविणारा कान आणि ती सुधारूं देणारें साधन, हीं दोन्ही कदाचित् एकाच माजघरांत सांपडतील.