मैदानाच्या कडेने एक फेरी

वाचकहो, काळाचौकीच्या अभ्युदयनगरातील शहीद भगतसिंग मैदान आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. या मैदानाला एकच एक ओळख नाही. सकाळी तेथे क्रिकेटचे स्टंप रोवले जातात, कबड्डीच्या स्पर्धांसाठी चुन्याने रेषा आखल्या जातात, नवरात्रात दांडियाचे फेर धरले जातात आणि निवडणुका जवळ आल्या की सभेचे व्यासपीठ उभे राहते. दाट वस्तीच्या गिरणगावात एवढी मोकळी जागा म्हणजे साऱ्या वस्तीचे सामाईक अंगणच होय. मात्र या अंगणात घरातील वडीलधाऱ्यांचे पाऊल अलीकडे कितीदा पडते, हा प्रश्न आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

काही महिन्यांपूर्वी त्याच परिसरातील एक गृहस्थ सुनेसमवेत तपासणीसाठी आले. वय सत्त्याहत्तर. तरुणपणी गिरणीच्या संघातून कबड्डी खेळलेले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांप्रमाणे त्यांचेही आयुष्य बदलले. नोकरी गेली, संघ विखुरला, परंतु मैदानावर जाण्याचा नेम त्यांनी सोडला नव्हता. तो सुटला गेल्या वर्षी. न्हाणीघरात पाय घसरून ते पडले. हाड मोडले नाही, पण धीर खचला. तेव्हापासून ते तिसऱ्या मजल्यावरील खिडकीशी बसून असत.

सूनबाई म्हणाल्या, "बाबांना आम्ही खाली सोडतच नाही. चेंडू लागला, कोणी धडकले, तर काय करायचे?" त्यांच्या काळजीत खोट नव्हती. आजोबा मात्र हळूच म्हणाले, "खिडकीतून स्कोअर कळतो हो. पण बोलायला कोणी नसते."

वाचकहो, येथे काळजी आणि अपाय यांची गल्लत होते. पडण्याच्या भीतीने माणूस हालचाल थांबवतो. हालचाल थांबली की मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू झपाट्याने क्षीण होतात, तोल सांभाळण्याची सवय मोडते आणि पुढचे पडणे अधिक जवळ येते. म्हणजे पडू नये म्हणून ज्यांना आपण बसवून ठेवतो, तेच पडण्याच्या अधिक अधीन होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व तीन दिवस तोल सुधारणारे व्यायाम करावेत. ज्यांना एवढे जमत नाही त्यांनी शक्य तेवढे करावे. थोडी हालचालदेखील मुळीच नसण्यापेक्षा हितावह असते.

मग आरंभ कोठून करावा? मैदानातून नव्हे, घरातून. प्रथम आपल्या डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर, दृष्टी आणि चालू असलेली औषधे तपासून घ्यावीत. काही औषधांनी उभे राहताच भोवळ येते. म्हणून झोपेतून उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेवर बसून मगच उभे राहावे. त्यानंतर भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून उठणे-बसणे सुरू करावे; आरंभी पाच वेळा पुरे. स्वयंपाकघरातील ओट्याला धरून एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून उभे राहण्याचा सराव करावा. त्या वेळी घरातील कोणीतरी शेजारी असावे.

दुसरा टप्पा जिन्याचा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत मैदान जेवढे दूर वाटते, तेवढे ते जिन्यामुळेच असते. एक गुडघा दुखत असेल तर चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना दुखरा पाय आधी. कठडा सोडू नये. उतरताना सोबतच्या व्यक्तीने एक पायरी खाली राहावे. काठी वापरत असल्यास ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. अनेक जण नेमके उलट करतात. सपाता घालून मैदानात जाऊ नये, टाच धरून ठेवणारे बूट घालावेत.

आणि मग मैदान. खेळ सुरू होण्यापूर्वीची किंवा संपल्यानंतरची वेळ निवडावी. हिवाळ्यात पहाटेच्या धुरकटात न जाता ऊन थोडे वर आल्यावर जावे. मध्यातून न जाता कडेने चालावे. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरेत. श्रम किती असावेत, हे आजोबांना समजावण्यासाठी मी कबड्डीचाच आधार घेतला. चढाईत दम टिकवावा लागतो. येथे दम मोजावयाचा आहे. चालताना गप्पा मारता येतात पण गाणे म्हणता येत नाही, तर श्रम योग्य आहेत. वाक्यही पुरे होत नसेल तर वेग कमी करावा. छातीत दडपण, भोवळ, अकारण घाम किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप वाटली तर तत्काळ थांबून बसावे. त्रास शमला नाही तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. मधुमेह असणाऱ्यांनी खिशात साखर वा गोड गोळ्या ठेवाव्यात.

आता कार्यक्रमांविषयी. उत्सवाच्या दिवसांत हेच मैदान वृद्धांना नकोसे होते, कारण आवाज. तथापि दार बंद करून त्यांना आत बसवणे हा एकमेव उपाय नव्हे. आरंभीच्या तासाभरात, ध्वनिक्षेपकांपासून दूर, बाहेर पडण्याच्या वाटेजवळ त्यांची खुर्ची ठेवावी. श्रवणयंत्र असल्यास त्याचा आवाज कमी करावा. घरी हृदयरुग्ण वा अंथरुणाला खिळलेली व्यक्ती असेल तर आयोजकांना दोन दिवस आधी भेटून ध्वनिक्षेपकांची तोंडे वळवण्याची विनंती करावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही; सणांच्या निमित्ताने वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. विनंती मानली गेली नाही तर पोलिसांकडे तक्रार करता येते, हे ठाऊक असावे. आयोजकांनाही एक आग्रह: मंडप घालताना कडेला चालण्यापुरती पट्टी आणि रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवा, चार खुर्च्या ज्येष्ठांसाठी राखून ठेवा. त्याला फारसा खर्च येत नाही.

आजोबा गेल्या महिन्यात पुन्हा आले. पहिले तीन आठवडे ते केवळ जिना उतरून इमारतीच्या दाराशी बसत. आता सून कामावरून आली की दोघे मैदानाची एक फेरी घालतात. दोनदा मध्येच बसावे लागते, आणि पावसात फेरी चुकते. पडण्याची भीती पूर्ण गेलेली नाही. ती जाईलच असेही मी त्यांना सांगितले नाही. पण सराव करणाऱ्या मुलांना त्यांनी परवा कोपऱ्यातील खेळाडूने घोटा कसा पकडावा ते बसल्या जागेवरून सांगितले, आणि मुलांनी ते करून पाहिले. हे सांगताना सूनबाईंचा चेहरा पाहण्यासारखा होता.

वाचकहो, आपल्या घराजवळही असे एखादे मैदान असेल. पुढील पंधरवड्यात घरातील ज्येष्ठांना विचारा, शेवटचे तेथे केव्हा गेला होता? उत्तर मिळाल्यावर घाई करू नका. आधी खुर्ची, मग जिना, आणि मग मैदानाची कड.