घराचा पाया आणि पावसाचे पाणी

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना काळ्या जमिनीची थोरवी सांगावयास नको. गहू-हरभऱ्यावर माया करणारी ही माती घराच्या पायाशी मात्र सावत्रपणाने वागते. पाणी मिळताच ती फुगते, सुकताच आकसते. वैशाखात अंगणात पडलेल्या भेगा श्रावणात मिटून जातात. पण त्या उघडमिटीबरोबर पायाही हलतो. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते आणि दारे अडकू लागतात. आपण दरवर्षी चीर बुजवितो व रंग देतो. रोग अंगणात आणि औषध भिंतीला, असा हा प्रकार आहे.

पाण्याचा हिशेब साधा आहे. १०० चौरस मीटर छपरावर १ सेंटीमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होते. पन्हळ जोत्यापाशीच मोकळी सोडली असेल, तर ते सारे पायातच मुरते.

म्हणून प्रथम मोठ्या सरीत छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारावी. पाणी कोठून येते, कोठे साचते, हे पाहून तेथे खुंट्या ठोकाव्यात. पाऊस उघडल्यावर गवंड्याच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी मोजावी. भिंतीपासून पहिल्या ३ मीटरांत जमीन किमान १५ सेंटीमीटर उतरली पाहिजे. उतार नसल्यास मुरूम थराथराने घालून चांगला चोपावा. सैल वाळू घालू नये, कारण तिच्यातून पाणी थेट पायाशी पोहोचते. मात्र भराव जोत्याच्या माथ्यापर्यंत चढवू नये. नाहीतर ओल भिंतीत शिरून लोणा लागतो.

जोत्याभोवती बाहेर उतरती फरशी करावी. काळ्या जमिनीत ती दीड ते दोन मीटर रुंद असलेली बरी. भिंत आणि फरशी यांमधील सांधा दरवर्षी तपासून बुजवावा. फरशीच्या कडेने उथळ चर काढावी व पन्हळीचे पाणी बंद नळाने दूर न्यावे. ते शौचकूपाच्या चेंबरमध्ये सोडू नये. मुसळधार पावसात चेंबर तुंबून घाण उलट घरात येते. पाणी जिरविण्याचा खड्डाही पायापासून किमान ५ मीटर दूर असावा. भिंतीला चिकटून केलेले मोगऱ्याचे वाफे रोज पाणी पितात. तेही थोडे दूर सरकवावेत.

जुन्या चिरेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. चीर खुणेपुढे सरकली किंवा रुंद होत गेली, तर गिलाव्यावर पैसा न घालता जाणत्या अभियंत्यास दाखवावी.

एक गोष्ट मात्र अभियंत्याच्या हातची नाही. आपल्या जुन्या वाड्यांच्या वाटण्या झाल्या, मध्ये भिंती उठल्या. खोल्या वाटता आल्या. उतार वाटता येत नाही. एका भावाने आपले अंगण उंच केले की पाणी दुसऱ्याच्या माजघराशी जाते, आणि तेथे बहुधा वृद्ध आईची खाट असते. यासाठी चर सामाईक असावी आणि खर्चही सामाईक असावा. मृग लागण्यापूर्वी सर्व बिऱ्हाडांनी एकत्र बसून पाण्याची वाट ठरवावी. बोलणे तुटलेल्या घरांतही एवढा एक विषय बोलण्याजोगा आहे.